पिक बदलला की गिटारचा आवाज नक्की किती बदलतो?

सहावी_तार (धागाकर्ता)

तारा, पिकअप, सॅडल, अॅम्प या सगळ्यांवर इथे चर्वितचर्वण होऊन गेलंय. पिकबद्दल, म्हणजे तार छेडायच्या त्या छोट्या चपट्या तुकड्याबद्दल, मात्र दोन-चार ओळींपलीकडे कोणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. पिकने आवाज बदलतो, चांगलाच बदलतो. पण दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो 'कशाचा आहे?' नायलॉन, सेल्युलॉइड, डेलरिन (एक कडक प्लास्टिक), शिंग, लाकूड वगैरे. माझ्या मते हा प्रश्न शेवटचा. टोकाचा आकार आणि पिक तारेला कुठल्या कोनात लागतो हे पहिलं, मग जाडी, आणि मटेरियल सगळ्यांत मागे.

जाडीचं सोपं आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पातळ पिक तारेला टेकला की आधी स्वतः वाकतो, मग सुटतो. तुम्ही हळू मारा की जोरात, तारेला धक्का साधारण तेवढाच बसतो. कॉर्ड स्ट्रम करताना, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवताना, हे फार उपयोगी. सहाही तारा समान वाजतात, एखादा फटका जास्त बसला तरी कानाला टोचत नाही. पिकची स्वतःची फटफटही ऐकू येते आणि अकूस्टिकवर ती तालात छान मिसळून जाते. 1 मिमीच्या पुढचा पिक वाकत नाही. हाताने दिलं तेवढं सगळं तारेत जातं. लहान-मोठा आवाज काढणं हातात येतं, आणि हात कच्चा असेल तर तेही सगळ्यांना कळतं.

आता टोक. तुमच्याकडचा नेहमीचा त्रिकोणी पिक घ्या. टोकाने एक ओळ वाजवा. मग तोच पिक फिरवून मागच्या गोल खांद्याने तीच ओळ वाजवा. पिक तोच, जाडी तीच, मटेरियल तेच, तरी आवाज लगेच गोल आणि भरीव होतो, वरची 'टिक' निघून जाते. ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉन असाच उलटा धरून खांद्याने वाजवायचा. जाड तारा आणि वर हा गोल खांदा, त्याच्या त्या दणदणीत आवाजात दोन्हींचा वाटा आहे.

कोनाचं तर कोणी बोलतच नाही. पिक तारेला समांतर धरला तर अख्खी सपाट बाजू तारेवर आदळते. आवाज स्वच्छ, ठोस, पण वेगात वाजवताना अडकायला होतं. तोच थोडा तिरका केला की कड तारेवरून घसरून जाते. अडकणं संपतं, आवाज मऊ होतो, आणि खर्जाच्या गुंडाळीच्या (वर बारीक तार गुंडाळलेल्या) तारांवर खरखर येते. काहींना ती खरखर आवडते, काहींना नाही. मला रॉकमध्ये आवडते, भावगीताच्या साथीत अजिबात नाही.

आणखी एक. नवा पिक हातात आला की हात नकळत एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे सरकतो. ब्रिजकडे (तारा खाली जिथे बांधलेल्या असतात तिकडे) सरकला तर आवाज कडक, साउंडहोलकडे (मधल्या गोल भोकाकडे) सरकला तर गोड. आणि आपण श्रेय देतो पिकला. दोन पिकची तुलना करायची तर गिटारच्या टॉपवर (समोरच्या लाकडी फळीवर) जागेची खूण म्हणून कागदी टेपचा तुकडा लावा, फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी न बघता ऐका. अर्ध्या गप्पा तिथेच गळून पडतील.

बोला.

---

नवशिका_गिटारिस्ट

वाखू (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न. मी क्लासमध्ये मिळालेला काळा जाड पिक वापरतो, वर 1.14 लिहिलंय. डाऊन (वरून खाली) ठीक, पण अप (खालून वर) मारताना तिसऱ्या-दुसऱ्या तारेत अडकतो आणि कधीकधी हातातून उडून थेट साउंडहोलमध्ये. पिक बदलू का हात?

---

सहावी_तार

दोन्ही, पण आधी पिक, कारण ते एका दिवसात होतं. 0.60 किंवा 0.73 घे. डनलॉप कंपनीचे टॉर्टेक्स पिक कुठेही मिळतात, नारिंगी 0.60, पिवळा 0.73, हिरवा 0.88. रंग पाठ असले की डब्यातून शोधायला सोपं जातं.

हाताचं म्हणशील तर बहुतेकांचा अर्धा पिक बोटांबाहेर लोंबत असतो. अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यामधून टोक जेमतेम दिसेल इतकंच बाहेर ठेव. आणि अप मारताना मनगट किंचित फिरव, म्हणजे पिकचं टोक थोडं जमिनीकडे झुकेल. पिक तारेखाली खोल गेला की अडकणारच, मग तो सोन्याचा असला तरी.

साउंडहोलमध्ये गेला तर गिटार उलटी करून हलवण्याआधी पिक आतमध्ये भोकाच्या बरोबर समोर सरकवून आण आणि मगच झटकन पालथी कर. ही विद्या कुठलाही क्लास शिकवत नाही.

---

धातुमित्र

धागा चांगला, पण मटेरियल शेवटी? सपशेल असहमत.

मी लाल नायलॉनचा जॅझ थ्री (छोटा, टोकदार पिक) वापरतो, 1.38 मिमी. त्याच आकाराचा अल्टेक्सचाही (कडक प्लास्टिकचा) मिळतो. टोक तेच, जाडी तीच. अल्टेक्सच्या पिकचा आघात चकचकीत, जवळजवळ काचेसारखा. नायलॉनचा गोल. डिस्टॉर्शन (रॉकचा फाटका आवाज) लावून पाम म्यूटमध्ये (तळहाताने तारा किंचित दाबून) वाजवा, शेजारच्या खोलीतल्या माणसालासुद्धा फरक कळेल. आता यात कोन कुठून आला?

---

सहावी_तार

फरक आहे हे मी नाकारलं नाही, क्रम सांगितला. आणि तुमचं उदाहरण नीट बघा. नायलॉन मऊ, अल्टेक्स कडक. नायलॉनची कड वापरून वापरून लवकर गोल होते, अल्टेक्सची टिकते. म्हणजे मटेरियल कानापर्यंत पोचतं ते कडकपणा, कड आणि गुळगुळीतपणा या तीन वाटांनी. जिथे या तिन्ही गोष्टी सारख्या असतील तिथे मटेरियल ओळखून दाखवा, मी टोपी काढेन.

---

लहरी_लंबक

थोडं भौतिकशास्त्र, कंटाळा आला तर पुढे जा.

तार ओढली की सुटण्याआधी ती दोन सरळ रेषांची असते आणि पिकच्या जागी एक कोपरा असतो. त्या कोपऱ्यात सगळे हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वगैरे कंपनसंख्येचे वरचे स्वर) दडलेले असतात. कोपरा जितका तीक्ष्ण, तितके वरचे हार्मोनिक जास्त. आदर्श तारेत त्यांची ताकद क्रमांकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, म्हणजे तिसरा पहिल्याच्या एक नवमांश वगैरे. पण पिकचं टोक रुंद किंवा गोल असेल तर कोपरा पसरतो आणि वरचे याहूनही झपाट्याने उतरतात. धागाकर्त्याचा खांद्याचा प्रयोग हाच. बोटाच्या मांसाने वाजवलं की आवाज मऊ का, तेही यातच आलं.

जागेचंही तसंच. बरोबर मध्यावर, म्हणजे मोकळी तार बाराव्या फ्रेटवर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा हे सम हार्मोनिक जवळजवळ गळून पडतात, कारण तिथे त्यांचा शून्यबिंदू असतो. म्हणून तिथला आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या जवळचा. ब्रिजजवळ छेडली तर सुरुवातीचे बरेच हार्मोनिक तुल्यबळ, म्हणून कडक.

कोनाबद्दल एक भर. तिरका जाड पिक तारेला थोडं खाली, टॉपच्या दिशेने दाबून सोडतो. तार टॉपला लंब अशी हलली तर टॉप जास्त हलतो, आवाज मोठा पण लवकर विरणारा. टॉपला समांतर हलली तर आवाज लहान, पण जास्त वेळ टिकणारा. अकूस्टिकवर हे सहज ऐकू येतं.

मटेरियलच्या भांडणात मी धागाकर्त्याच्या बाजूने, पण पिक तारेवर आपटल्याचा जो स्वतःचा 'टक' आवाज असतो तो मटेरियलप्रमाणे बदलतो. तेवढा गुण धातुमित्रांना.

---

धातुमित्र

तेवढा एक गुण मला पुरेसा आहे. :)

---

मिरजेचा_पाहुणा

मी गिटारवाला नाही, सतार वाजवतो, थोडा सरोद. तरी लिहितो, कारण आमच्याकडे हे सगळं फार पूर्वीपासून ठरलेलं आहे.

सतारीची नखी पोलादी तारेची, तर्जनीवर घट्ट बसवलेली. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा, तळाशी मेण किंवा दोरा लावून पकड केलेला. करवंटी कडक असते पण काचेसारखी नव्हे, आणि घासून हवी तशी कड काढता येते. सरोदिये स्वतःच्या हाताने जवा घासतात. कुठे घासायचा, किती घासायचा, हे गुरुकडून शिष्याकडे जातं. नखीचं मापही तसंच. सैल झाली की बोल अस्पष्ट, फार घट्ट झाली की बोट बधिर.

तुमच्याकडे दुकानातून आणलेला पिक जसाच्या तसा वाजवतात याचं मला आश्चर्य वाटतं. तुम्ही लोक घासत का नाही?

अवांतर: मिरजेत सतारमेकर जवारी काढताना ब्रिजचा पृष्ठभाग कानसतात ते एकदा जवळ बसून बघा. एक हलका हात फिरवला की तार बोलायला लागते, अजून एक फिरवला की झणझणाट. केसभर फरकाने आवाज कसा फिरतो ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

---

सहावी_तार

मिरजेचे पाहुणे, या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. आणि प्रश्न रास्त आहे. घासणारे आहेत आमच्यातही, पण थोडे. जिप्सी जॅझ (अकूस्टिक गिटारवरचा वेगवान जॅझ) वाजवणारे बघा. 3 मिमी आणि त्याहून जाड पिक, आणि त्यांच्या कडा घासून-पॉलिश करून उतरत्या केलेल्या. एवढा जाड पिक कडा न उतरवता वाजवलात तर लाकडाच्या फळीने तार बडवल्यासारखं होईल. कड उतरवली की तोच पिक तारेवरून लोण्यासारखा जातो आणि आवाज भरदार येतो.

घरी करून बघायचं असेल तर 1 मिमीच्या पुढचा स्वस्त पिक घ्या, 600 नंबरच्या पॉलिश पेपरने कड उतरवा, मग 1500 ने, शेवटी जीन्सच्या कापडावर घासा. ओरखडा राहिला तर तो गुंडाळीच्या तारेवर लगेच ऐकू येतो.

---

पावली_काका

नाण्याबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे जुन्या इंग्रजी सिक्सपेन्सने वाजवतो. वडिलांबरोबर घरी बनवलेली रेड स्पेशल गिटार आणि सहा पेनींचं नाणं. सिक्सपेन्स 1980 मध्ये चलनातून गेला, याच्या हातातून गेला नाही. नाण्याची कड दातेरी असते, ती तारेवरून जाताना बारीक खरखर देते, आणि नाणं वाकत नसल्याने बोटांना तार थेट जाणवते असं त्याचं म्हणणं.

आपली 25 पैशांची पावली साधारण त्याच मापाची, व्यास 19 मिमीच्या आसपास. 30 जून 2011 नंतर व्यवहारातून बाद, त्यामुळे घरोघरी डब्यात पडून आहेत. मी वाजवून बघितलं. इलेक्ट्रिकवर पातळ तारांच्या सोलोला मजा येते, अकूस्टिकवर मात्र ब्रॉन्झ तारांचा जीव जातो. आणि वाजवताना टॉपला लागली तर पॉलिश गेलंच म्हणून समजा.

---

अवनी_बांदोडा

काका, आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये एक अंकल अजून नाण्यानेच मँडोलिन वाजवतात, ट्रेमोलो (एकच तार झपाझप छेडणं) असा की विचारू नका. :)

अनुभवाचं सांगते. गोव्यात मे महिन्यात आणि पावसात पिक धरून ठेवणं हाच मुख्य प्रश्न असतो, टोन नंतर. गुळगुळीत सेल्युलॉइड घामाने सटकतो, तो धरून ठेवायला मी जास्त दाबते, मग मनगट आखडतं आणि स्ट्रमिंग ठोकल्यासारखं वाजतं. टॉर्टेक्सचा भुकटीसारखा कोरडा पृष्ठभाग त्यातल्या त्यात बरा. पकडीसाठी उंचवटे असलेले नायलॉनही चालतात. भोक पाडलेला पिक धरून बघा, तर्जनीचं मांस भोकात बसतं आणि सरकत नाही. नवीन विकत घ्यायची गरज नाही, कागदाला पाडतो त्या पंचने पातळ पिकला पाडता येतं.

आणि हो, उंचवट्यांवरून आठवलं. यू2 बँडचा गिटारिस्ट एज जर्मन हर्डिम पिक उलटा धरतो आणि पकडीचे टिंब असलेली बाजू तारेवर वापरतो. सुरुवातीला जी करकरीत किणकिण ऐकू येते ती त्या टिंबांची. हे वाचून धागाकर्त्यांच्या बाजूने एक मत.

---

जुना_जाणता

एटीएम कार्डवाले कोणी आहेत का इथे? मुदत संपलेलं कार्ड, जाडी 0.76 मिमी, म्हणजे बरोबर मीडियम. वर जुना पिक ठेवून पेनने गिरवा, कात्रीने कापा, कडा नेलफाइलने घासा. चिप आणि उठावाचे आकडे असलेला भाग सोडून द्या. आवाज कडक, थोडा स्वस्त म्हणावा असा. गुंडाळीच्या तारांवर लवकर झिजतो. पण लग्नाच्या मांडवात तीन पिक हरवल्यावर चौथा हाच कामी येतो.

---

प्राजक्ता_७वा_फ्रेट

सेल्युलॉइडबद्दल एक गंमत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. सेल्युलॉइडचा पिक तळहातावर जोरात घासा आणि नाकाशी धरा, मंद कापराचा वास येतो. खोटा 'सेल्युलॉइड' ओळखायला हीच युक्ती वापरते मी. टेबल टेनिसचा चेंडूही 2014 पर्यंत सेल्युलॉइडचाच असायचा. पेटतो पण कापरासारखाच, त्यामुळे काडी लावून परीक्षा घेऊ नका.

आवाज? मला सगळ्यांत संतुलित तोच वाटतो. ना नायलॉनइतका बोथट, ना अल्टेक्सइतका टोचरा. पण झिजतो पटकन.

---

संग्राहक_४२

एका जुन्या वादकांकडे खऱ्या कासवाच्या पाठीचा पिक बघितला होता. त्यांच्या मते त्याला तोड नाही. आता कुठे मिळेल? किंमत कितीही असो.

---

प्राजक्ता_७वा_फ्रेट

कुठेही नाही, आणि मिळत असेल तर तुरुंगाची तयारी ठेवा. तो हॉक्सबिल कासवाचा असतो. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1970च्या दशकापासून बंद आहे आणि आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. टॉर्टेक्सचं नाव आणि त्यावरचं कासव यातूनच आलं. डनलॉपने 1981 मध्ये तो काढला तेव्हा कासवाच्या पाठीची जागा घेणं हाच उद्देश होता.

पैसे खर्चायचेच असतील तर ब्लू चिप कंपनीचे पिक बघा. एक पिक 35 डॉलरच्या पुढे. ब्लूग्रासवाले (अमेरिकन लोकसंगीत वाजवणारे) त्याच्यावर जीव टाकतात, कड वर्षानुवर्षं झिजत नाही म्हणून. हरवला की काय होईल ते मी बोलत नाही.

---

बोटे_वाकडे

एवढा काथ्याकूट कशाला? पिक फेका. वेस माँटगोमरी नुसत्या अंगठ्याने वाजवायचा, मार्क नॉफ्लर बोटांनी, जेफ बेकने पुढे पिक सोडूनच दिला. देवाने दिलेली पाच पिक आहेत प्रत्येक हाताला.

---

खर्जातला_बास

बोटंच श्रेष्ठ म्हणणाऱ्यांनी कॅरल के ऐकावी. साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य रेकॉर्डिंग, आणि बास गिटार पिकने. प्रत्येक स्वराला ठसठशीत सुरुवात, म्हणून रेडिओच्या छोट्या स्पीकरवरही बास ऐकू यायचा. हे बोटांनी येत नाही. मी बँडमध्ये गाण्यागणिक दोन्ही करतो, बासवर पिकचा फरक गिटारपेक्षा जास्त जाणवतो असं माझं मत.

---

नवशिका_गिटारिस्ट

अपडेट: पिवळा 0.73 घेतला. अप आता जवळजवळ अडकत नाही. पण सोलो वाजवायला गेलो की आवाज फुसका येतो. म्हणजे परत जाड?

---

धातुमित्र

हो. दोन पिक ठेव, लाज वाटून घेऊ नकोस. कॉर्डला पिवळा, सोलोला 1 मिमीच्या पुढचा छोट्या टोकदार आकाराचा. एकाच गाण्यात दोन्ही असतील तर 0.88 वर तडजोड कर आणि कॉर्ड मारताना पकड सैल सोड. पकड सैल केली की जाड पिकही पातळासारखा वागतो. हे कानाने शिकायला थोडा वेळ लागतो, पण लागतं.

---

सहावी_तार

धातुमित्र, पकडीचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. +1.

---

डावखुरा_दामले

धागा थंड पडण्याआधी. मी डावखुरा आहे. कड उतरवलेला महागातला पिक मागवला, सगळे म्हणतात लोण्यासारखा जातो, माझ्या हातात नुसता खरखरतो. साधा पिक मात्र नीट वाजतो. माझं काही चुकतंय की पिक सदोष?

---

सहावी_तार

पिक बहुधा उजव्या हाताचा आहे. तुमचा जुना, खूप वाजवलेला पिक उजेडात धरा. टोकाच्या एका बाजूची कड तिरकी झिजलेली दिसेल. मग तो पलटा, दुसऱ्या तोंडावरही त्याच बाजूची कड झिजलेली असेल, कारण डाऊन एका तोंडाच्या कडेने जातो आणि अप दुसऱ्याच्या. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या पिकवर हीच झीज आरशातल्यासारखी उलट असते. कारखान्यात कड उतरवतात ती उजव्या हाताच्या झिजेप्रमाणे, त्यामुळे तुमच्या हातात न उतरवलेली धारदार कड तारेला लागते.

दोन उपाय. बनवणाऱ्याकडे डावखुरी कड मिळते का विचारा, काही जण मागितल्यावर करून देतात. नाहीतर उरलेल्या दोन कडा वर सांगितलेल्या पॉलिश पेपरने स्वतः उतरवा, पिक दोन्ही हातांना चालेल असा होईल. आधी स्वस्तातल्या पिकवर हात बसवा.